नाकाला इचारा

भाताचं पान तोडायचं, दोन्ही तळव्यांत तंबाखूसारखं चोळायचं, ओंजळ नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायचे. मग नाना एकच शब्द बोलत. ‘व्हय’, नाहीतर ‘न्हाई’. व्हय असेल तर खिशातल्या रिळाचा लाल दोरा त्या रोपाला बांधत, न्हाई असेल तर पुढचं रोप. मी वही घेऊन त्यांच्या मागे चिखलात उभी असायचे. ‘नाना, नक्की ना?’ असं विचारलं की वर न बघता म्हणायचे, “मला काय इचारता म्याडम, नाकाला इचारा.”

उत्रोलीजवळच्या आमच्या भात संशोधनाच्या शेतावर नाना रोजंदारीवर होते. मी शेतकी शिकून आलेली. लॅबमधल्या यंत्रावर माझा भारी जीव आणि माणसांवर जरा कमीच. पहिल्या दिवशी त्यांना पान हुंगताना पाहून मी मनात म्हटलं, झालं, आता संशोधन नाकावर चालणार! तुम्हीही हेच म्हटलं असतंत.

पण हुंगायचं कारण होतं. नानांचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, डोंगराच्या अंगाला. तिथे एके काळी घरोघर आंबेमोहर होता. त्याची ताटं उंच वाढतात. दाणा भरायच्या वेळी वारा-पाऊस आला की सगळं भात आडवं. शिवाय करपा रोग पडतो तो वेगळाच. हळूहळू गावाने इंद्रायणी धरली. नानांच्या बायकोने मात्र शेताच्या कोपऱ्यातले आंबेमोहराचे दोन वाफे शेवटपर्यंत सोडले नाहीत. ती गेली आणि त्या वर्षी नाना तिच्या लुगड्याच्या फडक्यातलं थोडं बी घेऊन आमच्या दारात आले. “हे उभं ऱ्हाईल असं कायतरी करा,” म्हणाले, “वास मातूर जाता कामा न्हाई.” बी आम्ही घेतलं आणि नानांनाही ठेवून घेतलं.

काम सांगायला सोपं आहे, करायला नाही. या आंबेमोहराचा बुटक्या, करप्याला दाद न देणाऱ्या भाताशी संकर करायचा. त्यातून निघालेल्या रोपांचा पुन्हा आंबेमोहराशी, मग पुन्हा. दर वेळी नाना कात्रीने फुलाचं टोक उडवून चिमट्याने आतले केसर काढत आणि दुसऱ्याचा पराग त्यावर झटकत. एकेक दाणा असा हाताने घडवलेला. त्यातल्या कोणत्या रोपात काय उतरलंय हे पूर्वी लोंब्या येईपर्यंत कळत नसे. आता नखाएवढा पानाचा तुकडा पुण्याच्या लॅबमध्ये धाडला की तरव्यातच, म्हणजे लावणीआधीच्या कोवळ्या रोपांतच, कळतं, हे बुटकं राहील, हे करप्याला टिकेल, यात वास आहे. पहिल्या वर्षी गंमत म्हणून मी नानांचे लाल दोरे आणि लॅबचा रिपोर्ट ताडून पाहिले. वासाच्या बाबतीत दोघांचं एकमत निघालं. मी तोंडात बोट घातलं, नानांनी नुसती पिशवी उचलली, कारण त्यांची एसटीची वेळ झाली होती.

रिपोर्टचं कौतुक त्यांना कधीच वाटलं नाही. “म्याडम, कागदावरचा वास कुणाला येतोय? हिनं भात शिजत घातला की शेजारीण उंबऱ्यात येऊन इचारायची, आज काय शिजवलंस गं? तसं कुणी इचारलं, की आपलं काम झालं.”

मग एका वर्षी फाल्गुनात नाना तापाने पडले. पंधरा दिवसांनी आले ते वाळून आले, पण आले. त्या पावसाळ्यात आमची सगळ्यात महत्त्वाची पिढी शेतात होती. होतं नव्हतं ते संकराचं सगळं बी आम्ही लावलं होतं. नानांनी रोप रोप हुंगलं, दोरे बांधले. यंदा हात जरा सावकाश चालतोय, एवढं मला जाणवलं. रिपोर्टला उशीर होत होता, भात फुलोऱ्यावर यायला आलं होतं, आणि बिनवासाची रोपं त्याआधी काढलेली बरी. वाट बघायला हवी होती. लॅब लॅब करत फिरणारी मी, त्या दिवशी म्हणाले, नानांचं नाक आहे की! बिनदोऱ्याची रोपं बायांनी उपटून बांधावर टाकली. दुपारपर्यंत ती म्हशींनी खाल्ली.

रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. मी तो तीनदा वाचला. हवी होती ती रोपं, वासाची, बुटकी, टिकाऊ, जवळजवळ सगळी बांधावर गेली होती. लाल दोऱ्याखाली उरली होती ती बहुतेक कामाची नव्हती.

नमुन्यांच्या चिठ्ठ्या तुम्हीच बदलल्यात म्हणून मी आधी लॅबवाल्यांशी फोनवर कडाकडा भांडले. मग तणतणत शेडमध्ये गेले. नाना स्टोव्हपाशी पाठमोरे बसून नव्या रिळाचा दोरा सोडवत होते. मागे दूध उतू जाऊन करपलं होतं. शेडमध्ये धूर, डोळ्यांना झोंबेल असा जळका वास. आणि नाना म्हणाले, “या म्याडम, च्याचं दूध तापतंय.”

मी स्टोव्ह बंद केला. “नाना, वास येत नाही तुम्हाला?”

ते दोऱ्याची गाठ उकलत राहिले. “तापापास्नं न्हाई.”

“मग दोरे कशावरून बांधलेत?”

“पात बघून. हिच्या भाताची पात जरा फिकट असायची. वाटलं, जमंल.”

“सांगायचं तरी!”

“नाकापायी तर हितं ठिवलंय मला. नाक न्हाई म्हणल्यावर म्या कोण?”

माझा राग कुठे गेला कळलं नाही. वरिष्ठांना मी लिहून दिलं की रिपोर्टची वाट न पाहता रोपं उपटण्याचा निर्णय माझा होता. ते खरंच होतं. बोलणी मी खाल्ली, पण गेलेली वर्षं काही परत आली नाहीत.

त्यात आणखी एक अडचण. मूळ आंबेमोहराचं आमच्याकडचं बी मूठभर, तेही उंदरांनी पोखरलेलं. दोन दिवस नाना आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने, कापूरहोळला गाडी बदलून आले. दोन्ही हातांनी छातीशी एक पुरचुंडी धरलेली. बायकोच्या लुगड्याचंच फडकं. मी म्हटलं, “नाना, दरवर्षी पेरता ना तुम्ही? थोडं घरी राहू द्या.”

“यंदा पेरलंच न्हाई. भेसळ झाली तर मला कळायची कशी? हे आता तुमच्या मशीनलाच कळंल. सगळं घ्या.” फडक्याची गाठ त्यांच्याकडून सुटेना. शेवटी मीच सोडली.

फडकं मात्र त्यांनी झटकून, घडी घालून परत नेलं.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. नाक गेलं तरी नानांचा हात गेला नव्हता. चिमटा त्यांच्याइतका नाजूक कोणाचा चालत नसे. आता रिपोर्ट आल्यावर मी नंबर वाचायचे आणि ते लाल दोरा बांधायचे. सवय मात्र सुटली नाही. पान तोडत, चोळत आणि ओंजळ माझ्या नाकापुढे धरत. मी डोळे मिटून ‘व्हय’ म्हणायचे. तेवढ्यावर त्यांचा दिवस चांगला जाई. रोपं तरव्यातच निवडता येत होती म्हणून कितीतरी हंगाम वाचले, तरी काही वर्षं लागलीच. शेताला घाई होत नाही. माणूस तोवर थकतो.

गेल्या आषाढात तयार झालेल्या नव्या बियाण्याचा पहिला तरवा चाचणी म्हणून नानांच्याच शेतात, कोपऱ्यातल्या त्या दोन वाफ्यांत लावला. लावणीला ते बांधावर बसून होते. भाद्रपदात त्यांच्या सुनेचा फोन आला, नाना अंथरुणाला खिळलेत, तुमची आठवण काढतात. मी गेले. वाटेत वाफ्यातलं एक पान तोडलं. त्यांच्या उशाशी बसून ते चोळलं आणि माझी ओंजळ त्यांच्या नाकाशी धरली. नानांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता व्हय म्हणतील. मला तेच हवं होतं.

“न्हाई,” नाना म्हणाले. एकदा खोटे दोरे बांधले होते, पुन्हा ते खोटं बोलणार नव्हते. मग डोळे उघडून हसले. “तुमाला येतो न्हवं?”

“व्हय, नाना.”

“मग चांगलं झालं.”

चार दिवसांनी ते गेले.

कार्तिकात मी गावात गेले. परतीचा पाऊस चांगला झोडपून गेला होता, रस्त्याकडेची भातं लोळली होती. नानांचे दोन वाफे उभे होते. कापणी झाली, मळणी झाली. बियाण्यापुरतं बाजूला काढून सुनेने उरलेलं भात उखळात सडलं आणि चुलीवर आधण ठेवलं. मी चुलीजवळच भिंतीला टेकून बसले होते. नाकात धुराखेरीज काही नव्हतं. मग झाकण थरथरायला लागलं आणि मी डोळे मिटले.

तेवढ्यात शेजारची म्हातारी पदराला हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आत डोकावली.

“काय गं, आज काय शिजवलंस?”

सून माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे भरले होते. “आमच्या आत्याबाईंचा भात हाय,” ती म्हणाली.

मी उठून ओसरीवर आले. खुंटीला लाल दोऱ्याचं रीळ होतं, त्याखाली घडी घातलेलं फडकं.

“इचारलं बरं का, नाना,” मी म्हणाले. ओसरीवर कोणी नव्हतं.