चांगल्या गटातलं दुखणं

बाबांच्या आजाराला आमच्या कळव्याच्या कोळीवाड्यात नाव नव्हतं. रक्त कमी आहे, एवढंच. आणि रक्त कमी म्हटलं की आमच्याकडे जो तो डॉक्टर. आत्या खाडीच्या चिखलात उतरून निवट्या मासे पकडायची आणि त्यांचा रस्सा भावाला पाजायची. शेजारची काकी अळिवाचे लाडू द्यायची. नाक्यावरचा डॉक्टर लोहाच्या गोळ्या. बाबा पांढरेच पडत गेले.

शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांच्या कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ बोलायच्या. म्हणाल्या, "लोह कमी नाहीये. हाडातला रक्ताचा कारखाना चालू आहे, माल खराब निघतोय. बराचसा आतच मरतो."

"म्हणजे कॅन्सर?"

"सगळ्यांचं सारखं नसतं. काहींचं पुढे ब्लड कॅन्सरमध्ये जातं, काहींचं जात नाही. म्हणून तर गट पाडतो आम्ही."

मज्जेत कोवळ्या, बिघडलेल्या पेशी किती, यावर गट ठरतो. कमी असतील तर माणूस वर्षं काढतो, जास्त असतील तर महिने. शिवाय गुणसूत्रं मोडलीत का, आणि तांबड्या, पांढऱ्या, रक्त गोठवणाऱ्या यांपैकी कितींचा तुटवडा आहे, हेही बघायचं. बाबांच्या कोवळ्या पेशी थोड्याच होत्या, गुणसूत्रं धड होती. पण पांढऱ्या पेशी फार खाली.

"गट चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पण चांगल्या गटातली माणसंही साध्या तापाने जातात. गर्दीपासून जपा."

बाबांनी डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत वर्षानुवर्षं पिंपं धुतलेली. मी म्हटलं, मग त्या पिंपांमुळे झालं असं लिहून द्या. त्या म्हणाल्या, असू शकतं, पण एका माणसाच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही. असू शकतं! या दोन शब्दांवर कंपन्या तरतात.

आता, आमच्यात आजाऱ्याला भेटायला जाणं हे जेवण्याइतकं सक्तीचं. आळीच्या आळी येते, खाटेभोवती बसते, बिस्किटाचे पुडे ठेवते, खोकते. न येणारा माणूस आयुष्यभर लक्षात राहतो. मी चळवळीतला, मला एकच मार्ग ठाऊक. पत्रक काढलं. "बंधुभगिनींनो! रक्ताचा गंभीर आजार! भेटायला येऊ नका! जवळ जाऊ नका!" एक दारावर चिकटवलं, बाकीची घरोघर वाटली. ते पत्रक चुकलं असं मी आजही मानत नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

पण त्या वर्षांत रक्त, इस्पितळ आणि जवळ जाऊ नका हे एकत्र आलं की लोकांना एकच रोग सुचायचा, एड्स. भिंतीभिंतीवर तोच रंगवलेला असायचा.

चहाच्या टपरीवर एकाने मला बाजूला घेतलं. "काय रे, बाबांना ते... तसलं झालंय म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"तूच लिहिलंस ना. रक्ताचं, लांब राहा."

"अरे, त्यांच्यापासून तुम्हाला काही होत नाही. तुमचा ताप त्यांना लागेल म्हणून लांब राहा!"

"हां हां," तो म्हणाला. "म्हणजे लांबच राहायचं ना."

मी दुसरं पत्रक काढलं: हा आजार लागत नाही! त्यावरून उरल्यासुरल्यांचीही खात्री पटली. आत्याला मी चिखलातून आलीस, आत येऊ नकोस म्हणालेलो. ती रस्सा ओट्यावर ठेवून गेली आणि परत फिरकली नाही.

बाबा जगले. दर महिन्याला रक्त चढवायचं, मधूनमधून तपासणी. "गट बदललेला नाही," बाई सांगायच्या. मी खूश. बाबा खिडकीशी बसून आळीतले आवाज ऐकायचे. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची होडी विकली, सगळं त्यांना खिडकीतून कळायचं.

एकदा तपासणीहून येताना म्हणाले, "आजून किती?"

"वर्षं, बाबा. चांगला गट आहे."

"वर्षं कोनासंगं काढू रं?"

मी तपासणीचे कागद पुन्हा पिशवीत नीट लावले. मोर्च्यात हजारभर लोकांना उत्तरं देणारा मी.

पावसाळा सरत आलेला. बंदरावर जाळी दुरुस्त करत माणसं बसलेली. बाबा उठले, सदरा घातला. मी दारात हात आडवा धरला.

"ताप आला म्हणजे?"

"येऊ दे. तो तरी येल भेटाया."

मी हात काढला. ते चालत गेले, मी मागून. माणसांनी पाहिलं. कोणी उठलं नाही. फक्त सगळे जरा जरा सरकले आणि मध्ये तिघं बसतील एवढी जागा झाली. बाबा त्या जागेत बसले. समोर पडलेल्या जाळ्याचा फाटका काठ त्यांनी मांडीवर ओढला.

"राहू दे काका," एकजण म्हणाला. "ते करतील पोरं."

बाबांनी काठ खाली ठेवला. तरी उठले नाहीत. अंधार पडेपर्यंत बसले, मग घरी आले, पेज प्यायले.

"उंद्या पन जानार," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्या शेजारी बसलो. जागा तेवढीच राहिली, फक्त आता तिच्यात आम्ही दोघं होतो.