घे म्हणेपर्यंत

"हात लावू नको. तो 'घे' म्हणेपर्यंत हात लावायचा नाय."

सरांचं हे वाक्य मला झोपेतून उठवून विचारलंत तरी त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवीन. कुणीतरी खांद्यांवर बार घेऊन खाली बसलेला असायचा, वर येताना अर्ध्यात अडकायचा, पाय लटलट कापायचे, मानेच्या शिरा टरारायच्या. आणि सर त्याच्या मागे शांत उभे. दोन्ही तळहात उताणे, बारच्या खाली बोटभर अंतरावर. तो वर आला की हात वर, तो खाली गेला की हात खाली. पण स्पर्श नाही. हा माणूस सपोर्टला उभा आहे की गंमत बघतोय, असं तुम्हाला वाटलं असतं. मला वाटलं होतं.

नाचणे रोडच्या आत, आंब्याच्या पेट्या भरायची एक जुनी शेड होती, तिथे सरांची जिम. आता तिला कुलूप आहे. पत्र्यावर पाचोळा साचलाय आणि दारातल्या पायरीवर कुत्री झोपतात. सर मंडणगडकडे गावी गेले, फोन उचलत नाहीत. टेम्पोला त्या बाजूचं भाडं मिळालं तरी मी हल्ली नको म्हणतो.

मी टेम्पोवाला. जयगडची मासळी, पालीच्या बाजाराचा माल, लग्नाच्या खुर्च्या, मिळेल ते वाहतो. खड्ड्यांच्या रस्त्यांवर टणक सीटवर बसून कंबर कामातून गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाठीत ताकद आणा, नाहीतर टेम्पो विका. टेम्पो विकून खाणार काय, कपाळ? गेलो मुकाट जिममध्ये.

सर जिममधल्या कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत. बँकेत कामाला असलेल्या बाई म्हणजे 'बँक', बोटीवरून सुट्टीला आलेला खलाशी म्हणजे 'बोट'. मी अर्थातच 'टेम्पो'. पहिल्या दिवशी मला वाटलं, चार-दोन जोर मारायला सांगतील. तर म्हणाले, "टेम्पो, आज पडायचं."

"पडायला आलो काय मी?"

"उचलायला गाढव पण शिकतो. अडकल्यावर काय करायचं ते आधी शिक." त्यांनी मला बारखाली घातलं, वर येणार नाही एवढं वजन चढवलं आणि म्हणाले, "बस खाली." बसलो. उठवेना. सर मागे उभे. मी गप्प. आमच्याकडे पुरुषमाणूस कमरेचं हाड मोडलं तरी 'आई गं' म्हणत नाही, 'घे' कसला म्हणतोय! डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

"बोल की मेल्या!"

"घे," मी म्हटलं. उंदरासारखा आवाज निघाला.

"घेतलं," सर म्हणाले आणि बार झेलला. मग जरबेनं: "आणि ऐक. समोरच्यानं 'घेतलं' म्हटल्याशिवाय तू सोडायचं नाय. अर्ध्यात अडकलेल्या वजनाला दोघंही जबाबदार नसले की माणसं मरतात."

एवढ्या साध्या गोष्टीला एवढं कडक का, हे मला वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे सरांची बायको. सर तरुणपणी राज्याकडून वजन उचलायचे. एका मोठ्या स्पर्धेत शेवटची उचल वर येत होती, अगदी सुटत होती, आणि मागे सपोर्टला उभा असलेला त्यांचा जिवलग मित्र घाबरला. त्यानं नुसती बोटं लावली. पंचांचा लाल दिवा लागला, उचल बाद. "ते वजन मी घेतलंच होतं," सर एकदाच त्यावर बोलले. "मायेनं हात लावला त्यानं. मायेनंच माझी उचल खाल्ली." मित्राशी पुढे कधी बोलले नाहीत. असला हट्टी माणूस.

वहिनींचं उलट. सर दिवसाला दहा वाक्यं बोलले तर पावसाळ्यात ऊन पडल्यासारखं वाटायचं. सरांच्या वाटचंही वहिनीच बोलायच्या. सकाळी दारात खुर्ची टाकून नारळ सोलत नाहीतर कोळंबी निवडत बसायच्या आणि तिथून सगळ्यांवर लक्ष. "अरे टेम्पो, प्लेटा जाग्यावर ठेव, तुझी आई येणाराय उचलायला?" "बँक, तू आज रडून आल्यासारखी दिसतेस, सासू आलीय काय गो?" सरांनी कुणाला फाडून खाल्लं की वहिनी त्याला आत बोलवून आंबोळी खायला घालायच्या आणि वर म्हणायच्या, "ते तसेच. लग्नानंतर पहिला महिना मला वाटलं, मुके आहेत."

आणि त्याच बाईची वाचा गेली बघा. देवाला दुसरी कुणी दिसली नाही.

एका सकाळी उठल्या त्या अर्धांगानं उजवा हात-पाय लुळा घेऊनच. तोंडातून फक्त "ता, ता" असा आवाज. बोललेलं सगळं कळायचं. नजर पूर्वीचीच, कुणाची प्लेट जाग्यावर नाही तेही दिसायचं. पण बोलायला गेल्या की "ता, ता", आणि मग स्वतःवरच चिडून डाव्या हातानं खुर्चीवर थापा मारायच्या. बँकबाई ते बघून बाहेर जाऊन रडायच्या.

मूलबाळ नव्हतं. सरांनी संध्याकाळची बॅच बंद केली आणि वहिनींना शिकवायला घेतलं. हो, शिकवायलाच. दुसरा शब्द नाही. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ मुलगी घरी यायची. ती सांगायची, सर, त्यांच्या कमरेला पट्टा बांधा आणि उभं करताना तो धरून ठेवा. सर म्हणायचे, "पट्टा धरला तर ती माझ्या हातावर उभी राहील. तिला तिच्या पायांवर उभं राहायचंय." दोन-चारदा भांडून मुलगी यायची बंद झाली.

घर शेडला लागूनच. वहिनींना उचलून, घराच्या तीन पायऱ्या उतरून सर जिममध्ये आणायचे. त्यांचा डावा खांदा जुन्या दुखण्यानं गेलेला, तरी एकटेच. मी एकदा पुढे झालो तर गुरकावले, "मी बोललो का 'घे'?" झालं. तेव्हापासून त्यांना कुणी हात लावायला गेलं की हेच उत्तर. आम्ही बाजूला उभे राहून बघत राहायचो आणि सर धापा टाकत पायऱ्या उतरायचे.

सकाळची बॅच संपली की वहिनींना बाकावर बसवायचे, समोर छातीएवढ्या उंचीवर रिकामा बार अडकवायचा. वहिनींनी डाव्या हातानं तो धरायचा आणि उठायचं. सर मागे. दोन्ही तळहात वहिनींच्या काखांखाली, बोटभर अंतरावर.

सुरुवातीला मी बघितलं तेव्हा माझेही डोळे भरून आले, खोटं का बोलू. वहिनी खरंच उठल्या होत्या. क्षणभर उभ्या राहिल्या, आमच्याकडे अशा बघत होत्या की जणू आत्ता म्हणतील, बघता काय, चहा टाका. सरांनी टाळी वाजवली. या माणसाला टाळी वाजवताना मी पहिल्यांदा बघत होतो.

पण सरांना तेवढं पुरेना. त्यांच्या डोक्यात एक खूळ बसलं. खूळच म्हणतो मी त्याला. ते म्हणायचे, "टेम्पो, तू पहिल्या दिवशी 'घे' कधी बोललास? जीव घशाशी आल्यावर. माणूस अडकला की शब्द बाहेर येतोच. मी तीस वर्षं बघतोय. हिचाही येणार."

"सर, जिममधल्या पोरांची वाचा शाबूत होती. वहिनींची आजारात गेलीय."

"आत आहे शब्द. वाट मिळत नाय त्याला."

मग ते बघवायचं नाही. वहिनी अर्ध्यात अडकायच्या. बारवरचा हात थरथरायचा, कपाळावरून घाम ओघळायचा, मान वळवून सरांकडे बघायच्या. आणि सर तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणायचे, "बोल. बोल गो, 'घे' बोल. मी हाय ना मागे. एकदा बोल." त्यांचाच आवाज रडवेला व्हायचा. "ता," वहिनी म्हणायच्या, "ता, ता." शेवटी धपकन बाकावर बसायच्या.

एकदा मला सहन झालं नाही. म्हटलं, "अहो, हा काय जुलूम चालवलाय? धरा त्यांना! तुम्हाला बायको चालायला हवी आहे की तुमचा नियम?"

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "टेम्पो, बाहेर हो."

मी झालो बाहेर. पंधरा-वीस दिवस तिकडे फिरकलो नाही. गेला खड्ड्यात म्हटलं. पण गाडी चालवताना मनात तेच यायचं, आज उठल्या असतील का वहिनी? आज बोलल्या असतील? पालीच्या बाजारात टोपल्या उतरवता उतरवता मी देवाला म्हणायचो, एक शब्द दे रे बाबा त्या बाईला, तुझं काय जातं.

एका दुपारी सरांचा फोन आला. नुसतं म्हणाले, "टेम्पो घेऊन ये." ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली होती.

मी पोचलो तेव्हा वहिनी जिमच्या फरशीवर होत्या. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. बार जागच्या जागी अडकलेला होता. मी, बँकबाई आणि शेजारचे दोघं असे आम्ही त्यांना गादीवर घेऊन टेम्पोत ठेवलं. सर मागे त्यांच्याजवळ बसले. मासळीचा वास जात नाही त्या गाडीचा कितीही धुतली तरी, त्याची मला त्या दिवशी फार लाज वाटली. वहिनी कण्हत होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला मी रस्त्याच्या नावानं शिव्या देत होतो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनला आत नेल्यावर सर बाहेर भिंतीला टेकून उकिडवे बसले. एवढा आडवा-उभा माणूस, पण कुणाच्या वाटेत येऊ नये असा अंग चोरून. मी शेजारी बसलो. ते बोलायला लागले.

"ती माझ्याकडं बघत होती रे."

मी त्यांच्याकडे वळलो.

"अडकली होती. माझ्याकडं बघत होती. रोज बघायची. डोळ्यांनी 'घे, घे' म्हणत होती, रोज म्हणत होती, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो." त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले, उताणे. "इथं होते हात. एवढंच अंतर. एवढंच."

 समजूत घालायला मला येत नाही. त्यांच्या हातात चहाचा कप दिला, तो तसाच गार झाला.

वहिनी अंथरुणाला खिळल्या त्या उठल्याच नाहीत. छातीत कफ साठला. सर दिवसभर उशाशी बसून असायचे, वहिनींचा लुळा उजवा हात हातात घट्ट धरून. आता सोडायचेच नाहीत. नर्सला सुई टोचायची असली तरी सांगावं लागायचं. वहिनी कधी कधी डाव्या हातानं त्यांच्या हातावर थाप मारायच्या. ती रागाची होती की मायेची, मला कळलं नाही. सरांना कळली असेल तर त्यांनी सांगितलं नाही. एका सकाळी वहिनी गेल्या.

मडकं धरायचा मान नवऱ्याचा. सरांनी ते पुतण्याच्या हातात दिलं आणि तिरडीचा पुढचा उजवा बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला. गावची म्हातारी माणसं कुजबुजली, असं चालत नाही म्हणून. सर ऐकतात थोडेच. जिमची सगळी माणसं आली होती. मी सरांच्या शेजारून चालत होतो.

विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवली. तिथे खांदेकरी बदलतात, पुढचे मागे होतात, ही रीतच आहे. एक काका म्हणाले, "आता खांदा बदल बाबा. दुसऱ्याला दे."

"मी बोललो का?" सर म्हणाले आणि पुन्हा त्याच बांबूखाली गेले.

पुढे जांभ्या दगडाचा चढ होता. वजन म्हणाल तर काहीच नव्हतं, आजारानं वहिनींचं काही उरलंच नव्हतं. पण अर्ध्या चढावर सरांचे पाय लटपटायला लागले. तिरडी एका बाजूला झुकायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे धरा त्यांना!" मी सरांच्या मागे सरकलो, दोन्ही हात बांबूखाली नेले, आणि थांबलो. हात लावला नाही. त्या क्षणाला मला वाटत होतं, धरावं, ओढून घ्यावं, या माणसाला एक थोबाडीत मारावी आणि रडावं. पण मी त्यांचाच शिष्य. मी यावेळी तोंडाकडे बघितलं नाही, त्यांच्या मानेकडे बघितलं. मान वाकत होती.

"घे," सर म्हणाले.

इतकं हळू, की मीच ऐकलं. "घेतलं," मी म्हटलं आणि बांबू खांद्यावर घेतला. सर सोडेनात. बोटं बांबूला आवळलेली तशीच. मग त्यांनी शिकवलं होतं तसं मी मोठ्यानं, जरबेनं म्हटलं, "घेतलं, सर! सोडा!"

त्यांनी सोडलं.

लोकांना वाटलं आता ते मागे राहतील, कुणीतरी पाणी घेऊन पुढे आलं. सरांनी घेतलं नाही. स्मशानाच्या फाटकापर्यंत ते माझ्या शेजारून चालत राहिले, दोन्ही तळहात उताणे, बांबूच्या खाली, बोटभर अंतरावर.