गरम वांगं आणि माझा मज्जारज्जू
कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा धूर नाकात गेला की मला अजून चोपड्याकडचं ते शेत आणि माझी सासू दिसते. मी धुळ्याची, नवी नवरी, मॅट्रिक झालेली, म्हणजे स्वतःच्या मते सर्वज्ञ. शेतात भरिताचा बेत होता. पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी फुटत होती, मिरच्यांच्या ठसक्याने नणंदा खोकत होत्या. वांगी नीट सोलली तर उद्यापासून चूल हिच्या हाती, नाही तर हिची रवानगी परत धुळ्याला, असं सासूने साऱ्या भाऊबंदांसमोर बजावलं होतं. पहिल्याच वांग्याला हात लावला आणि ते राखेत पडलं. सासू कडाडली, "तुना हात शे का लोणी?" मी गप्प बसावं की नाही? म्हटलं, "आत्याबाई, चटका बसला की पाठीतला मज्जारज्जूच हात मागे ओढतो, मेंदूला नंतर कळतं. माझा काय दोष?" "मंग तुना मेंदू काय कामना?" जमलेले सगळे खदखदून हसले. मी भडकले. दुसरं वांगं उचललं. हात मागे पळू पाहत होता, पण मी दात आवळून, तिच्याकडे रोखून बघत ते अख्खं सोललं. चूल मिळाली, बोटांवर टरारून फोडही आले. सासूने फोडांवर लावायला तूप दिलं नाही, मी मागितलं नाही. हट्टाला पेटलेला मेंदू मज्जारज्जूला थोपवू शकतो, हे मी त्या दिवशी सिद्ध केलं. पण त्या दोघांत शहाणा मज्जारज्जूच होता, हे कळायला मला आजी व्हावं लागलं.