तिसऱ्या तासाची साखर

शिंपीणबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही. तो कान फुटला बावीस वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या थपडेने. तेव्हा त्याच्या दोन्ही किडन्या ठणठणीत होत्या. नवरा गवंडी. भिंत इतकी सरळ बांधायचा, की कामावरचे त्याला ओळंबा म्हणत.

मधुमेहाने किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस सुरू झालं. अंगातली ताकद गेली तशी मारहाणही थांबली. दोन वर्षांनी ती मारहाण दवाखान्यातल्या खाटेवर परत आली. आधी नुसत्या शिव्या. मग एकदा त्याने बायकोचं मनगट पिरगळलं. मग एका मंगळवारी, मशीनवर तिसरा तास चालू असताना, त्याने दंडातली सुई उपटली, स्टीलचा ट्रे उचलला आणि टेक्निशियनच्या तोंडावर हाणला. नाक मोडलं. सुईच्या जागेतून रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. बायको मध्ये पडली, तर त्याने तिचाच गळा धरला. बोटं सोडवायला चार जण लागले.

"उद्यापासून हा माणूस इथे नको," नाकावर बोळा दाबत टेक्निशियन ओरडला.

मशीन बंद म्हणजे आठ-दहा दिवसांत सगळं संपलं. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दंडावर बोळा दाबून धरलेल्या सिस्टरला त्याचा घामाने चिंब सदरा खटकला. तिने त्याच्या मोकळ्या हाताचं बोट टोचलं. "साखर एक्केचाळीस! ग्लुकोज आणा, पळा!"

दहा मिनिटांनी ओळंब्याने मान वळवून विचारलं, "भिंतीवर काय सांडलंय?"

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा त्याचा रिपोर्ट चांगला यायचा, म्हणून मशीनवर असताना कोणी बोट टोचतच नव्हतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. साखर इतकी उतरली की माणसाला भान राहत नाही, तो अंगावरही धावून जातो. डायलिसिसवाल्यांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो रिपोर्ट फसवतो. किडन्या निकामी झाल्या की इन्सुलिनही अंगात रेंगाळतं. हा गडी मात्र मळमळ नको म्हणून उपाशी यायचा, आणि इन्सुलिन जुन्याच मापाने टोचून यायचा.

"ऐकलंस?" ओळंबा बायकोला म्हणाला. "साखर होती ती. मी नव्हतोच."

"आजची साखर," बाई म्हणाल्या. गळ्यावर पाच बोटं उमटली होती. "आणि कानाची?"



टेक्निशियनने बाईंकडे पाहिलं. "काकू, तुम्हीच सांगा. ठेवायचं की काढायचं?"

बाई म्हणाल्या, "राहू द्या. पण दर तासाला बोट मी टोचणार. इथे आणि घरीही."

डोस कमी झाला, नाश्ता सक्तीचा झाला. बाई सुई जरा जोरातच दाबतात. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे म्हणतात, "वहिनी, माझंही टोचा, फक्त आकडा आमच्या हिला सांगू नका." बाई हसत नाहीत.

परवा तिसऱ्या तासाला सुई टोचताच नवऱ्याचा हात झटक्याने वर आला. बाई हलल्या नाहीत. त्यांनी यंत्रावरचा आकडा सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा वाचला.

"एकशे बेचाळीस. आता मारलंत, तर ते तुम्हीच."

हात खाली गेला.