दोन बोटं समास

सूड घ्यायला निघालेल्या माणसाने निदान पत्ता तरी नीट पाहून घ्यावा. मी पाहिला नाही. तुर्भ्याला मार्केटजवळच्या त्या इमारतीत तेव्हा तळमजल्यावर शेजारीशेजारी दोन बँका होत्या. दोन्हींची शटरं करडी, दोन्हींच्या दारात सारख्याच मिशांचा वॉचमन. मी आत शिरलो, बाकावर बसलो, वही उघडली आणि कोण किती वाजता आलं, कोण चहाला उठलं हे टिपू लागलो. पाऊण तासात पान भरलं. "कर्मचारी वक्तशीर, बोलणं गोड" असंही लिहिलं आणि मनात म्हटलं, आमच्या बँकेत हे कधीपासून सुरू झालं? तेवढ्यात वॉचमन बंदूक खांद्यावर सरकवत समोर आला.

"काय साहेब, मघापासून काय लिवताय? तिजोरी कुठं हाय, कॅशियर कदी येतो, असलं काय?"

मी ऐटीत आमच्या बँकेचं ओळखपत्र काढलं. त्याने ते सावकाश वाचलं, माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं आणि शेजारचं दार दाखवलं. "तुमची ती. ही आमची."

अशा रीतीने ज्या माणसाचा उशीर टिपायला मी आलो होतो, त्याच्यासमोर मीच पन्नास मिनिटं उशिरा उभा राहिलो. ते आमच्या त्या शाखेतले हेडक्लार्क. सत्तावन्न वर्षांचे, बारीक, पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"या साहेब. पन्नास मिनिटं."

बस्स. एवढंच बोलून त्यांनी समोरच्या माणसाचा फॉर्म ओढून घेतला आणि त्याच्या डाव्या कडेवर दोन बोटं ठेवली, तर्जनी आणि मधलं. बोटांखाली अक्षर आलं. त्यांनी फॉर्म परत सरकवला.

"समास नाही. दोन बोटं सोडा, परत लिहा."

ती दोन बोटं मी सतरा वर्षांपूर्वीही पाहिली होती.

तुम्हीही असा एखादा माणूस कचेरीत पाहिला असेल. त्याला लाच नको असते, चहा नको असतो, त्याला फक्त तुमचा कागद चुकलेला हवा असतो. सतरा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका शाखेत मी नव्याने चिकटलो होतो, प्रोबेशनवर. हेच तेव्हा तिथे होते आणि रजेचे अर्ज मॅनेजरकडे यांच्या हातून जायचे. माझं लग्न ठरलं, गुरुवारी साखरपुडा साताऱ्याकडे. मी आदल्या शुक्रवारी अर्ज दिला. दोन बोटं. परत. दुसऱ्याला समास ठीक, पण उजवीकडची ओळ वर चढलेली. परत. तिसऱ्यात शाई फुटलेली. असे सात अर्ज. सातवा बुधवारी संध्याकाळी त्यांनी ठेवून घेतला, तेव्हा मॅनेजर घरी गेलेले. गुरुवारी माझा साखरपुडा माझ्याशिवाय झाला. वडिलांनी साखरेचा पुडा दिला, सगळ्यांनी पेढे खाल्ले, फोटो निघाले. त्या फोटोंत माझे लांबचे मावसकाकासुद्धा आहेत. मी नाही.

तेव्हापासून सासुरवाडीला मी पाहुणा नाही, गंमत आहे. मेहुणा दर दिवाळीला विचारतो, "दाजी, भाऊबीजेला याल ना? का रजेचं बघावं लागंल?" आणि सगळी पंगत हसते. मीही हसतो. हसता हसता मी तो राग लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. बरणीला दादरा घट्ट बांधून.

आणि आता बरणी उघडायची वेळ आली होती. नव्वदचं दशक निम्मं सरलेलं, बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून वर गडबड चाललेली. मी रीजनल ऑफिसात बऱ्यापैकी बिनमहत्त्वाचा अधिकारी. साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुर्भ्याच्या शाखेत एक दिवस बसा. लोक काम कसं करतात ते बघा आणि दोन पानं लिहा. द्रोणागिरीकडे नवी शाखा निघतेय. तुर्भ्यातून एकाला तिकडं पाठवायचंय. कुणाला, ते तुम्हीच सुचवा."

हेडक्लार्क राहायचे कोपरखैरण्यात, शाखेपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. घरी बायको संधिवाताने जवळजवळ जागेवरच. दुपारच्या सुट्टीत ते घरी जाऊन तिला जेवू घालून परत येत. द्रोणागिरी म्हणजे दोन बस आणि मध्ये ताटकळणं. दुपारचं घर संपलं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनच मी गेलो होतो. खोटं कशाला सांगू?

त्यांनी मला ओळखलं नाही. हा आणखी एक घाव. ज्याच्यावर मी सतरा वर्षं दात धरला त्याला माझा चेहराही आठवू नये?

मी त्यांच्या टेबलासमोरच खुर्ची मांडली. मघाचा फॉर्मवाला होता मार्केटमधला माथाडी, डोक्याला अजून हमालीचं फडकं. बायकोच्या नावाने खातं उघडायला आलेला. तो नवा फॉर्म लिहून घेऊन आला. दोन बोटं. परत. पुन्हा लिहून आणला. दोन बोटं. परत.

"सायेब, तिसरी खेप हाय ही," तो म्हणाला. "अवो, पोतंबी एकदाच उचलतो आमी."

"घाई मार्केटात करा. ही बँक आहे."

"मग ह्या बँकंत वजन तरी काय असतं वो, नुसत्या कागदाला?"

रांग हसली. हेडक्लार्क हसले नाहीत. मी वहीत लिहिलं, "ग्राहकास तीन वेळा परत पाठवले." लिहिताना मला काय गार वाटलं म्हणून सांगू! उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

शेजारच्या टेबलावर खाडीकाठच्या गावातली एक क्लार्क मुलगी बसायची. ती कुजबुजली, "लिवा साहेब, सगळं लिवा. मला पन पयल्या आठवड्यात रडवलंय त्यांनी. बाथरूममदी जाऊन रडले मी."

"कशावरून?"

"समास. दुसरं काय?"

मी तेही लिहिलं. बारा वाजेपर्यंत पाच जण परत गेले होते. साडेबाराला ते घरी गेले, दीडच्या आत परत आले. दीडला दोन मिनिटं कमी होती, म्हणून ते लिहिता आलं नाही. याचं मला वाईट वाटलं.

अडीचच्या सुमारास एक म्हातारी आली. आगरी, हिरवं लुगडं, अनवाणी. काउंटरला हात टेकून म्हणाली, "माजे घरवाल्याची सही हाय का तुमचेकरं? दीर बोलतो, त्यानी तुजा नाव लिवलाच नाय वारस म्हनून."

हेडक्लार्कनी नाव विचारलं, साल विचारलं आणि आतल्या खोलीत गेले. बँकेत जुना कागद मागितला की काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. 'उद्या या' होतं. मी घड्याळ लावून बसलो. चार मिनिटांत ते फडक्यात बांधलेला एक गठ्ठा घेऊन आले.

तेव्हा रोजचे कागद भोकं पाडून दाभणाने सुतळीत शिवत. कुणीही शिवे, कसंही शिवे. सुतळी खाऊन टाकी ती पहिली अक्षरं. शंकरचा कर व्हायचा, गंगूबाईची बाई. हा गठ्ठा त्यांनी स्वतः शिवलेला होता. त्यांनी तो उघडला तसा पुस्तकासारखा सपाट पडला. टाके सगळे समासात. कागदावर म्हातारीचं नाव अख्खं, आणि खाली नवऱ्याची सही.

म्हातारीने वाकून पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण सही ओळखली. बोट टेकवलं. "त्योच हाय. असा शेपूट काढायचा शेवटाला." मग मान वर करून म्हणाली, "तवा दोनदा परत धाडला व्हता तुमी त्याला. घरी येऊन लय शिव्या दिल्यान तुमाला."

"समास नव्हता," ते म्हणाले. आणि त्या कागदाची नक्कल काढायला गठ्ठा मुलीकडे देताना हळूच म्हणाले, "आजीला पाणी दे आधी. उन्हातनं आलीय."

क्लार्क मुलीने माझ्याकडे पाहिलं. हे लिहिताय ना, असं ते पाहणं होतं. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. टोक चांगलं होतं. तरी काढत बसलो.

पाच वाजता शाखा रिकामी झाली. ते दिवसभराचे कागद शिवत होते. मला राहवलं नाही. न ओळखता सूड घेतला तर तो सूड कसला? मी मुंबईच्या त्या शाखेचं नाव सांगितलं, साल सांगितलं. "रजेचा अर्ज. सात वेळा परत दिला होतात तुम्ही."

त्यांनी दाभण थांबवलं, आठवायचा प्रयत्न केला. "असेल. सगळ्यांचेच देत होतो."

"माझा साखरपुडा होता!"

"अरे!" ते खरंच दचकले. "मग सांगायचं नाही का? अर्जात काय लिहिलं होतं?"

अर्जात मी लिहिलं होतं तेच, जे अख्ख्या महाराष्ट्रात प्रत्येक जण लिहितो. घरगुती कारणास्तव. बारशाला घरगुती, बाराव्याला घरगुती, स्वतःच्या साखरपुड्यालाही घरगुती. लाज वाटली होती हो लिहायला.

"घरगुती कारण," मी पुटपुटलो.

"मग मला कसं कळणार?" ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता; मला तो हवा होता. बरोबर असलेल्या माणसाचा राग दुप्पट येतो. माफी मागितली असती तर कदाचित मी विरघळलो असतो. माफी नाही आली. मी तिथेच बसून दोन्ही पानं लिहून काढली. ग्राहकांना वारंवार परत पाठवतात. सहकाऱ्यांशी वागणूक कठोर. बदलत्या काळाशी जुळवून घेणं कठीण. द्रोणागिरी शाखेसाठी नाव सुचवत आहे. म्हातारीबद्दल एक ओळ नाही.

निघताना मी कागद घडी घालायला घेतले, तर त्यांनी हात पुढे केला. मी ते दिले. वाचा, म्हटलं मनात, वाचा आणि कळू द्या.

त्यांनी वाचलं नाही. पहिल्या पानाच्या डाव्या कडेवर दोन बोटं ठेवली. बरोबर बसली. दुसऱ्या पानावर ठेवली. बसली.

"छान सोडलाय," ते म्हणाले आणि कागद परत दिले. मग खाली मान घालून टाका ओढला.

मी अहवाल तसाच पाठवला. रात्रभर तळमळलो, सकाळी फाडला, वगैरे काही झालं नाही. तळमळलो नाही, झोप उत्तम लागली. पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम निघाला. एका रविवारी कोपरखैरण्याच्या बाजारात ती क्लार्क मुलगी भेटली. तिने नमस्कार केला, पण हात जोडताना पिशवी खाली ठेवली नाही. म्हणाली, "गेले ते. दाभण माझ्या टेबलावर ठेवून गेले." दुपारी शेजारची बाई त्यांच्या बायकोला जेवू घालते, हेही तिनेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. दीड वर्ष दोन बस बदलत ते तिकडे गेले आणि तिकडूनच निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाची चिठ्ठी रीजनल ऑफिसात फिरली होती. त्या दिवशी मी रजेवर होतो. घरगुती कारण.

पण हुकूम निघाला त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. त्या दिवशी मी अर्धा किलो जिलबी घेऊन घरी गेलो. बायको मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. चुकीच्या बँकेचं तेवढं वगळून. तिने एक जिलबी खाल्ली, बोटं पदराला पुसली. मला वाटलं, आता म्हणेल, शाबास.

"अहो, त्यांनी अर्ज परत दिला," ती म्हणाली. "पाय बांधून ठेवले होते का तुमचे?"

"प्रोबेशनवर होतो गं."

"मी तीन तास नवी साडी नेसून दाराकडं बघत होते." तिने मेथीची जुडी पुढ्यात ओढली. "सात वेळा अर्ज लिहिलात. एकदा न लिहिता यायचं होतं."