पाय मावतील अशी खोली

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो आणि इतका उंच आहे की कुठल्याही दारातून वाकूनच आत शिरतो. या महागड्या शहरात बदली झाल्यापासून भाड्याची खोली बघायला गेला की तो आधी फरशीवर आडवा होतो. काल पाचव्या मजल्यावरच्या खोलीत त्याचे पाय थेट दाराबाहेर गेले. एजंट म्हणाला, "साहेब, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"अरे शहाण्या, अंथरूण घालायला तरी जागा आहे का?" मामा भडकला.

खाली येताना तो लिफ्टमध्येच आडवा झाला. टाचेपर्यंत अख्खा मावला, वर चार बोटं जागा उरली!

"हिचं भाडं बोल."

एजंट हसलासुद्धा नाही. "उशीर केलात, साहेब. सकाळीच टोकन आलं."