कांद्याची वाटणी

मिसळीच्या ताटल्या टेबलावर आल्या आणि सुधाचा चमचा सवयीनं माझ्याकडे वळला. शेवेवरचा कच्चा कांदा वेचून तिनं माझ्या ताटलीत सरकवला. शाळेपासूनचं हे असंच. सुधाला कांदा नको, मला हवाच, आणि आमच्यातली तिसरी, मंदा, आम्हा दोघींच्या लिंबाच्या फोडी न विचारता उचलणार.

साताऱ्याच्या स्टँडजवळचं हे हॉटेल आता पार बदललंय. बाकं जाऊन खुर्च्या आल्यात. कटाला पूर्वीचा झणका राहिला नाही, असं मंदा सारखी म्हणत होती आणि पुन्हा पुन्हा मागवतही होती. चव बदलली की आमच्या जिभा, कोण जाणे. पण कुणाच्या ताटलीतलं काय कुणाकडे जायचं, हे हातांना अजून पाठ होतं.

"रात्री मला भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा एवढं पुरतं," सुधा बोलता बोलता म्हणाली.

मी खाता खाता थांबले. "तू कांदा खातेस?"

"लग्न झाल्यापासून खाते की."

"मग हा मला का दिलास?"

ती जरा ओशाळली. "इथं नाही खात."

माणूस सगळ्याच जागी एका वयाचं नसतं बहुधा.

मला हल्ली कच्चा कांदा सोसत नाही, पित्त होतं. हे मी सुधाला सांगितलं नाही. ताटलीच्या कडेला चिकटलेला शेवटचा तुकडासुद्धा चमच्यानं ओढून खाल्ला.